उजव्या डोळ्यातली नळी

साठीच्या आसपास मी स्वतःला फार शहाणी समजत असे. नेरजवळच्या आमच्या वावरात कपाशीवर फवारणी कधी करायची, हे मी ठरवायची. पान उलटवून बघायचं, कीड दिसली तर फवारायचं, नाहीतर औषध वाया घालवायचं नाही. हा नियम कपाशीला बरा होता. मी तो डोळ्यांनाही लावला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला आणि रोज थेंब टाकायला लावले. डोळा दुखत नव्हता, लाल नव्हता, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जायचा. म्हणजे कीड नाही! बाटली लोणच्याच्या बरणीमागे आरामात पडून राहायची. अंधुक वाटलं तरच ही शहाणी बाई ती बाहेर काढायची. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र न चुकता टाकायची, परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडावं तशी.

काचबिंदू कडेकडेनं खात येतो, मधल्या नजरेला शेवटी हात घालतो, हे मला उशिरा कळलं. तोवर डाव्या डोळ्याची मधली तेवढी नजर उरली होती. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डाव्या हाताचा दगड दिसलाच नाही आणि मी तुरीत आडवी झाले. उठून दगडालाच शिव्या घातल्या. त्या दिवसापासून मुलानं माझं एकटीनं वावरात जाणं बंद केलं. उजव्या डोळ्यातला दाबही वाढत होता. तोही गेला असता तर न्हाणीपर्यंतसुद्धा कुणाचा तरी हात धरावा लागला असता.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही होता. त्याच्या ऑपरेशनमध्येच एक स्टेंट बसवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्टेंट म्हटल्याबरोबर माझा हात छातीवर गेला. त्यांनी समजावलं, डोळ्याच्या आत पाणी तयार होत राहतं. अश्रूंचं नव्हे, वेगळं. ते बाहेर जायची बारीक जाळी तुंबली की दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. त्या जाळीत स्टेंटची ही नळी बसवली की पाण्याला वाट मिळते. मोबाईलवर त्यांनी फोटो दाखवला. शेजारी ठेवलेला तीळ तिच्यापुढे दांडगा दिसत होता.

"बाई, आमच्या कपाशीवरची अळी याच्याहून धष्टपुष्ट असते," मी म्हटलं.

त्या हसल्या, मग सावकाश म्हणाल्या, "आजी, गेलेली नजर ही नळी परत आणणार नाही. उरलेली राखायला मदत करेल. थेंब कदाचित तरीही लागतील."

ऑपरेशनच्या वेळी डोळा बधिर केला होता. वरच्या उजेडाकडे बघत पडून राहिले. नळी कधी बसली, कळलंही नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. यंत्रात डोकं घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं. बाहेर सून माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. उजव्या डोळ्याचा दाब उतरला होता आणि नजरेचा घेर होता तेवढाच टिकून होता. डावा जसा होता तसाच. एक औषध रोजचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. सून दारात आली.

"आई, एकट्या कुठी चालल्या?"

"वावरात. तू बी चाल. डाव्या अंगानं चाल, तिकडचं तू पाह्य. उजवीकडचं मले दिसते."

ती डावीकडे आली. हात धरायला लागली, तो मी सोडवून घेतला.