लखमीचंदांचं अहिंसक मशीन

शिरपूरचे कापडदुकानदार लखमीचंद अहिंसेच्या बाबतीत भलतेच कट्टर. बायको, अंगुरीबाई, पाणी गाळून झाल्यावर छन्न्याच्या फडक्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडते की नाही, यावर ते ओट्यावर बसून पहारा ठेवायचे. स्वतः मात्र जन्मात पोहरा उचलला नाही.

बहात्तर साली वाशीमच्या एका लिलावातून त्यांनी साहेबाच्या जमान्यातलं व्हॅक्यूम क्लीनर आणलं. तीन महिने दुकान वाऱ्यावर सोडून ते त्याच्यामागे लागले. मोटर नव्यानं भरून घेतली, फुटक्या नळीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि आतली धुळीची पिशवी उंदरांनी कुरतडलेली होती, म्हणून अंगुरीबाईचा नवाकोरा छन्ना न विचारता फाडून नवी पिशवी शिवली.

जैनांच्या पर्युषणाच्या पहिल्या दिवशी अर्धा गाव अंगणात जमला. लखमीचंद गरजले, "झाडूनं मुंग्या चिरडतात. हे त्यायले अलगद उचलते, जीवाले धक्काबी नाई!"

मशीन कापसाच्या जिनिंगसारखं घुरघुरलं आणि गुळाच्या डब्याभोवतीची मुंग्यांची अख्खी रांग गिळून बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोक्ष आता दोनच पावलांवर असल्यासारखे लखमीचंद हसले.

अंगुरीबाईनं पिशवी सोडवली आणि ओट्यावर उलटी केली. धुळीच्या गोळ्यात शेकडो मुंग्या होत्या, पण हलत एकही नव्हती.

"छन्न्यातले जीव जिथचे तिथं सोड, असं तुमीच सांगता ना? मंग सांगा, ह्या कुठी सोडू?"

लखमीचंदांनी आधी मुंग्यांकडे नाही, अंगणाकडे पाहिलं.

"हळू बोल," ते पुटपुटले, "लोकं पाहून राह्यले."