सूतिकागृहाच्या ढिगाऱ्यातली बाई

आधीच सांगतो, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. भिंतीला तडा गेला तर मी पाया बघतो, कुणाचा शाप नाही. मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जायचो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

नागपूरच्या जुन्या वस्तीत इंग्रजांच्या काळातलं सरकारी सूतिकागृह होतं. दगडी, उंच छताचं, बरीच वर्षं कुलूपबंद. आसपासच्या कितीतरी घरांतली माणसं तिथेच जन्मलेली. ते पाडून पार्किंग करायचं की दुरुस्त करून बायकांचा दवाखाना काढायचा, हे एक समिती ठरवणार होती. तपासणी माझ्याकडे होती. माझं मत जवळपास झालं होतं — मागचा भाग कमजोर, पण मुख्य इमारत ठणठणीत. वाचवता येईल.

मे महिना, भर दुपार. माझा सहकारी वानखडे गाडीतून टॉर्च आणायला गेला. मी मागच्या खोलीत शिरलो आणि छत खाली आलं.

शुद्ध आली तेव्हा छातीवर लाकडी तुळई होती. तोंडात चुना. ओरडायला हवाच नव्हती. आपण मरतोय हे स्पष्ट कळत होतं... मुलीचा चेहरा आठवून पाहिला, तोही येईना.

तेवढ्यात अगदी कानाशी बाईचा आवाज आला. वयस्क, थोडा दरडावणारा.

"झोपू नको वं माय! श्वास घे... हां, आता सोड हळूहळू. घाबरून काहून राहिली? मी आहो ना इथं."

मी पुरुष. आणि ती माझ्याशी बाळंतिणीशी बोलावं तसं बोलत होती! पण मी ऐकलं. ती म्हणेल तेव्हा श्वास घेतला, म्हणेल तेव्हा सोडला. डोळे मिटायला लागले की ती ओरडायची, "हिंमत नको हारू वं पोरी!"

मग फावड्यांचा आवाज. उजेड.

ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. मीही मानलं असतं. पण हॉस्पिटलमध्ये वानखडे भेटायला आला, चेहरा पांढराफटक.

"सर, आमी सारे समोरच्या जिन्यापाशी खोदून राहिलो होतो. तुमी तिकडंच असान वाटलं. मंग मागून बाईचा आवाज आला — श्वास घे वं, श्वास घे. म्हटलं कोणी बाई दबली. तिले काढाले गेलो तं तुमी निघाले." तो पुढे म्हणाला, "फायर ब्रिगेडवाल्यायनंही आयकला. संध्याकाळवरी शोधलं सर तिले. कोणीच नव्हतं."

समितीच्या बैठकीला मी बरगड्यांना पट्टा बांधून गेलो. मागचा भाग काढा, बाकी ठेवा — अक्षरशः हात जोडले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "अहो, तुम्ही स्वतः तिथे मरता मरता वाचलात. उद्या तिथे पेशंट असले तर?"

मी वानखडेकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग मीच बोललो... सगळं, आवाजासकट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला आरामाची गरज आहे," अध्यक्ष म्हणाले.

माझा रिपोर्ट बाजूला पडला, माझा अपघातच पुरावा ठरला. मी त्या खोलीत शिरलो नसतो तरी तिची इमारत पाडलीच असती, हे मी स्वतःला समजावतो. पटत नाही.

पाडायच्या दिवशी मी तिथे गेलो. वानखडेही न सांगता आला होता. जेसीबी गेटातून आत शिरला आणि मला राहवलं नाही. पत्र्याचं कुंपण धरून मी ओरडलो, "मावशी, बाहेर या! हे पाडून राहिले... निघा तिथून!" लोक बघायला लागले. वानखडे मला ओढायला आला, आणि माझ्या शेजारी उभा राहून तोही ओरडायला लागला.

ड्रायव्हर क्षणभर थांबला. आतून कुणी आलं नाही. मग त्याने पहिला धक्का दिला.

ती कोण होती, मला माहीत नाही. भास म्हणावा तर तो इतक्या जणांना एकाच वेळी कसा झाला, तेही सांगता येत नाही. आता तिथे गाड्या उभ्या असतात. ती कुठे गेली असेल... याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.