सिंधूची दोन वर्षांची शिक्षा

ऑफिसात फायलींना वाळवी लागते आणि किश्श्यांना पाय फुटतात. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात मी ज्युनिअर क्लार्क होतो, तेव्हाचे आमचे किस्से अजून इतवाऱ्याच्या बाजारात फिरतात आणि दर वेळी थोडे लठ्ठ होऊन परत येतात!

तेव्हा राज्यांची नवी जुळणी नुकतीच झाली होती. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही भोपाळकडे आलो. आमचं कॉलेज इंटरपर्यंतच, दोन वर्षांचं. निंबोल्याच्या पाटलांची सिंधू इंटर पास झाली होती आणि मामाकडे राहून तिला बी.ए. करायचं होतं. मामा राहायचा पलीकडे, म्हणजे आता परराज्यात! वडलांनी बजावलं होतं, "औंदा ॲडमिशन नाई भेटली, तं लगन." रावेरचं स्थळ तयारच होतं.

*

आमचे हेडक्लार्क चौबेजी. नव्या हुकुमाप्रमाणे त्यांनी शुद्ध हिंदीत दाखला दिला, 'छात्रा ने दो वर्ष की शिक्षा पूर्ण की। आचरण उत्तम।'

मामाच्या गावच्या कॉलेजातून मराठीत उत्तर आलं, 'शिक्षा भोगून आलेल्यांना प्रवेश देता येत नाही. तुरुंगातील उत्तम वर्तनाबद्दल मात्र अभिनंदन.'

मी अर्थ सांगितला, तसे चौबेजी खुर्चीतून उठलेच. "अरे, लड़की ने इंटर किया है, डाका नहीं डाला!"

*

दुसऱ्या दाखल्यात चौबेजींनी मनापासून भर घातली, 'छात्रा ने पढ़ाई की बहुत चेष्टा की।'

उत्तर आलं, 'अभ्यासाची चेष्टा करणाऱ्यांसाठी आमच्याकडे जागा नाही.'

सिंधू माझ्यावरच उखडली. "भाऊ, तुम्ही तं मराठी आहे ना? वाचून तं पाठवत जा!"

आता चौबेजींची 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, पण त्यांच्या हिंदीला हात लावायची आमच्यात कोणाची टाप होती? पण पोरीचं वर्ष वाया चाललेलं बघून जीव तुटायचा, हे खरं.

*

शेवटी ती मामाला घेऊन स्वतःच तिकडे जाऊन धडकली. तिथल्या क्लार्कनं चष्म्यावरून बघत विचारलं, "इंटरला मराठी घेतलंत खरं, पण ते मध्य प्रदेशातलं मराठी. आमच्या मराठीच्या समकक्ष आहे कशावरून?"

सिंधू म्हणाली, "साहेब, आमची गाय इथं आणली, तं तिलेबी विचारसान का, हंबरणं कुठल्या राज्याचं म्हणून?"

क्लार्क खो खो हसला आणि विरघळला. म्हणाला, "वडलांची परवानगी तेवढी लेखी आणा, जा!"

*

आता सगळं पाटलांवर येऊन ठेपलं. ते ऑफिसात आले, टोपी काढून बाकावर बसले. ऐन वेळी 'नाही' म्हणतात की काय, याची मला धास्ती.

चौबेजी अदबीनं म्हणाले, "पाटील साहब, बस आपका राज़ीनामा चाहिए।"

पाटील चपापले. "राजीनामा? बापाच्या नोकरीचा?"

मी घाईघाईनं म्हणालो, "काका, हिंदीत राजीनामा म्हणजे संमती! मराठीतला नव्हे."

पाटलांनी सिंधूकडे बघत टोपी परत डोक्यावर चढवली.

"संमती मागितली कोनं मले?" ते म्हणाले. "इंटरले बसली तवा नाई मागितली. तिकडं भांडाले गेली तवाबी नाई. लिवा भाऊ राजीनामा, मराठीतलाच लिवा!"