सोडलेली जागा

लिनक्सवर बंद पडलेले प्रोग्राम पुन्हा उठवणारा, सी भाषेतला एक प्रोग्राम मी घरून सांभाळतो. आज दुपारी पडद्यावर अचानक एका जुन्या प्रोग्रामचं नाव उमटलं. ते मी मागेच यादीतून काढून टाकलं होतं. त्याची मेमरीतली जागा सोडली होती, पण त्या जागेचा पत्ता पुसायचा राहिला होता. सोडलेल्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल, तर तिथून कधीकधी जुनंच उत्तर जसंच्या तसं येतं.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं.

"अहो, चहा," ती आत म्हणाली.

बाहेर आली तेव्हा कपात नुसता गाळ होता.

"साखर कमी पडली म्हणतात," ती मला म्हणाली.

बाबा रोज हेच म्हणायचे.