नियंत्रित गटातली पोरगी

कृतिसंशोधन म्हटलं की आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. माझ्याही. वर्गात काहीतरी नवं करून पाहायचं, त्यानं फरक पडला का ते तपासायचं आणि अहवाल लिहून जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत द्यायचा, एवढंच काम. बहुतेक जण जुना अहवाल काढायचे, गावाचं नाव बदलायचे आणि मोकळे व्हायचे. मीही दोनदा तेच केलं होतं. तिसऱ्या वर्षी मात्र मी इरेला पेटले. शिक्षण परिषदेत एका गुरुजींनी सगळ्यांसमोर मला म्हटलं, "बाई, तुमच्या तिसरीच्या पोरांना धड वाचता येईना, अन् तुम्ही नवोपक्रमाच्या गप्पा कशाला मारता?" सगळे फिदीफिदी हसले. मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी वही मिटून खाली बसले. मनात म्हटलं, थांब, तुला दाखवतेच.

माझी शाळा वडवणीच्या पुढं, डोंगराला लागून. दोन खोल्या, लांब व्हरांडा, मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. बीडहून वडवणीपर्यंत एसटी, पुढं स्कुटी. तिसरीत वीस पोरं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या आणि वर्ग ओस पडायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला पोरं परत यायची तेव्हा अक्षरं पुसून गेलेली असायची. पुन्हा श्रीगणेशा.

मी वाचनाची एक पद्धत घेतली. पोरानं घरातली एक गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायची, मी ती त्याच्याच शब्दांत कागदाच्या पट्टीवर लिहायची, आणि त्यानं ती पट्टी वाचायची. मग कात्रीनं शब्द सुटे करायचे, पुन्हा जोडायचे. 'आमची शेळी लई वरडती.' 'मामानं गाडी घेतली.' पुस्तकात नसलेली, पण पोरांच्या जिभेवरची वाक्यं. पद्धतीचा उपयोग होतो हे दाखवायचं तर दोन गट करायचे, असं संस्थेतल्या मार्गदर्शक साहेबांनी सांगितलं. एका गटाला पट्ट्या, दुसऱ्याला नेहमीचं पुस्तक आणि बाराखडी. पहिला प्रायोगिक गट, दुसरा नियंत्रित. सुरुवातीला चाचणी, दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा चाचणी.

"मध्ये काही बदलू नका बाई," साहेब म्हणाले. "नाहीतर चार महिने पाण्यात."

आम्ही वर्गातच चिठ्ठ्या टाकल्या. पोरांना वाटलं खेळ आहे. दहा इकडं, दहा तिकडं. शेवटून दुसरी चिठ्ठी एका बारीक अंगाच्या, मोठ्या डोळ्यांच्या पोरीची निघाली. पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्षं तिची अर्धी शाळा ऊसतोडीच्या फडावर बुडाली होती. तिला स्वतःचं नाव तेवढं काढता यायचं. तिची चिठ्ठी नियंत्रित गटात पडली. मी वहीत टिपलं आणि पुढची चिठ्ठी उघडली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. उंच माणूस, दारातच चपला काढून उभा राहिला.

"बाई, औंदा आमची भावजय गावातच ऱ्हानार हाय. पोरीला तिच्यापशी ठिवावं म्हनतो. पर पोरगी वाचाय लागली पायजे. दोन साल झाले, तिला काईच येईना. टोळी निघायच्या आत वाचाय लागली तर ठिवतो. न्हाईतर फडावर तिचं बारकं भावंड तरी सांभाळंल."

"ठेवा की," मी म्हटलं. "पोरगी हुशार आहे. वाचेल."

"टोळी निघायच्या आत?"

"हो, वाचेल."

तो हात जोडून गेला. पोरगी कोणत्या गटात आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण माझा हिशेब साधा होता. टोळ्या निघतात दिवाळी झाल्यावर. चाचणी दिवाळीच्या आधी. चाचणी आटोपली की सुट्टीत रोज गावात यायचं आणि नियंत्रित गटालाही पट्ट्या द्यायच्या. पंधरा दिवस मिळाले तरी पुष्कळ. स्वतःवर मी खूश होते. एकाच वेळी संशोधनही होणार होतं आणि पोरगीही राहणार होती.

भाद्रपद लागेतो पट्ट्यांनी जादू केली. पोरं एकमेकांची वाक्यं हिसकावून वाचायला लागली, भांडायला लागली, भिंतीवरची पाटीसुद्धा वाचू लागली. मी अठरा वर्षं शिकवते, असं कधी पाहिलं नव्हतं. मला रडू यायचं बाकी होतं. आणि त्याच वेळी व्हरांड्यात दुसरा गट गुरुजींच्या नजरेखाली शुद्धलेखन उतरवत बसलेला असायचा. का, की, कु, कू. तेच, तेच, तेच.

एकदा शिकवता शिकवता नजर वर गेली तर खिडकीत ती पोरगी. गज धरून उभी. माझ्याकडं नाही, पट्टीकडं बघत होती. ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक पट्टी वाऱ्यानं अंगणात उडाली. ती तिनं उचलली आणि बोट ठेवत, अडखळत वाचली, "आमची... शेळी... लई..."

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मी दचकले. माझा गट बिघडणार, एवढंच डोक्यात आलं. संध्याकाळी साहेबांना फोन केला.

"नियंत्रित गटाला प्रयोगाचा वारा लागला तर सगळं दूषित होतं बाई," ते म्हणाले. "बघा, तुमचं काम यंदा जिल्ह्यात वर जाईल. सांभाळा."

दुसऱ्या दिवशी मी खिडकी लावून घेतली आणि तिला व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ बसवलं. तिनं फक्त विचारलं, "बाई, मला पट्टी कावून न्हाई?"

"तुझी पाळी नंतर आहे."

"कवा?"

"दिवाळीत. आता जाऊन बस."

ती जाऊन बसली. नंतर तिनं कधी विचारलं नाही. खरं म्हणजे ती काहीच विचारेनाशी झाली. हाक मारली तर मान हलवायची. गुरुजी एकदा म्हणाले, "ती पोरगी लई गप झाली की हो." मी म्हटलं, "स्वभाव असतो एकेकाचा." किती सहज म्हटलं मी ते! आज आठवलं तरी स्वतःची चीड येते.

भाद्रपद संपता संपता गावात कुजबुज सुरू झाली. यंदा साखर कारखाने लवकर पेटणार. पारावर टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या फेऱ्या वाढल्या. बाया ज्वारी दळून ठेवू लागल्या, भाकरीचे तवे, पातेली, घोंगड्या दाराशी यायला लागल्या. कोयत्यांना धार लावल्याचा आवाज शाळेपर्यंत यायचा. मी तो ऐकायचे आणि फळ्यावर लिहीत राहायचे. नवरात्रात दोन पोरं गेली, पण ती प्रायोगिक गटातली होती, वाचायला शिकून गेली. एका बाजूनं मला हायसं वाटलं, दुसऱ्या बाजूनं गट लहान झाल्याची काळजी. अशी माझी बुद्धी तेव्हा चालत होती.

रोज वाटायचं, आज तिला बोलावू. एक पोरगी शिकली तर आभाळ कोसळणार आहे का? मग वाटायचं, वीस दिवसच राहिलेत. आता मोडलं तर सगळं फुकट. परिषदेतले ते गुरुजी पुन्हा हसतील. मी अठरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं केलं होतं आणि ते मला सोडवेना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पोचले तर मारुतीच्या देवळापुढं ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीवर बाजली उलटी बांधलेली, शेळ्या, भांडी, पोत्यांत भरलेलं सामान. स्कुटी लावते न लावते तोच तिचा बाप पोरीचा हात धरून व्हरांड्यात आला.

"बाई, टोळी निघाली. काल सांच्याला निरोप आला. पोरगी वाचती का?"

"वाचेल," मी म्हटलं. "पंधरा दिवस द्या फक्त."

"आता वाचती का?"

मी काही बोलायच्या आत त्यानं तिच्या दप्तरातून पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि तिच्यापुढं धरलं. "वाच."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पानावर बोट ठेवलं आणि पहिल्या धड्यातली कविता घडाघडा म्हणायला लागली. दुसऱ्या गटानं चार महिने कोरसात म्हटलेली, तोंडपाठ झालेली कविता. बापाला अक्षर येत नव्हतं. पण तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बोट कावून फिरंना तुजं?"

ती थांबली. बोट तसंच पानावर.

"ठेवा तिला," मी म्हटलं. "माझ्या भरवशावर ठेवा. मी सांगते ना, महिन्याच्या आत वाचेल."

"पोळ्यालाबी तुमी तसंच म्हनलता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो दमलेला होता. "बारकं लई रडतंय. त्याच्या आईला फडात काम होत न्हाई. येतो आमी."

पोरीनं पुस्तक दप्तरात ठेवलं, दप्तर व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं आणि बापामागं गेली. ट्रॅक्टर डोंगराच्या वळणाला गेल्यावरही त्याचा आवाज येत होता. मग मी वर्ग उघडला आणि प्रायोगिक गटाला आत घेतलं. त्या दिवशीसुद्धा!

चाचणी झाली. फरक असा होता की साहेबांनी कागद दोनदा पाहिले. अहवालात मर्यादा नावाचं एक पान असतं. तिथं, नवरात्रात गेलेल्या दोन पोरांच्या नोंदीखाली, मी लिहिलं, 'नियंत्रित गटातील एक विद्यार्थिनी स्थलांतरामुळे उत्तर चाचणीस अनुपस्थित राहिल्याने तिला नमुन्यातून वगळले आहे.' साहेब म्हणाले, "चालतं, गळती होतेच." ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! त्यात चूक काही नव्हती. सगळं नियमाप्रमाणे होतं. पुढं बीडला मोठ्या सभागृहात मी सादरीकरण केलं, शाल मिळाली, परिषदेतल्या त्या गुरुजींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कोणीतरी विचारलं, "यातून शिक्षक म्हणून तुम्ही काय शिकलात?" मी छान उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा टोळ्या परतल्या. वर्गात एकेक पोर दिसू लागलं. ती आली नाही. चार दिवस वाट पाहून मी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. पत्र्याची खोली, पुढं छपरात चूल. बाप बाजेवर बसला होता, पायाला फडकं गुंडाळलेलं, ऊस तोडताना कापलेला. तिची आई चहाला उठली. पोरगी बारक्याला कडेवर घेऊन चुलीपाशी उभी होती. उन्हानं काळी पडली होती, उंच झाली होती.

"पोरगी शाळेत येईना," मी म्हटलं.

"आता बास झाली शाळा," तो म्हणाला. "डोस्कंच न्हाई तिला. तुमी चार महिने येवडी मेहनत घेतली, बाकीची पोरं फडाफडा वाचत्यात. हिलाच येईना. एकेकाचं नशीब आस्तं. मी तिला काई बोलत न्हाई, बाई. तिचं तिलाबी म्हाईत हाय आता."

मी पोरीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. ती मंद आहे असं त्या घरात ठरून गेलं होतं, आणि तिनंही ते मानलं होतं.

"ऐका," मी म्हटलं. "तिच्यात काही कमी नाही. कशानं वाचेल ते मला माहीत होतं. ती आपली आपण शिकायला लागली होती, मी तिला उठवून लांब बसवलं. मी मुद्दाम शिकवलं नाही. मला माझं संशोधन पुरं करायचं होतं."

चहाच्या पातेल्यावर आईचा हात थांबला. बाप ओशाळल्यासारखा हसला.

"आसं कुटं आस्तं व्हय बाई? मास्तरीन मानूस पोराला मुद्दाम कावून शिकवनार न्हाई?" तो बायकोकडं वळला. "बाई मनानं लई चांगल्या हायेत. पोरीला वाईट वाटू न्हाई म्हनून सोताच्या अंगावर घ्यायल्यात."

"नाही हो, खरंच सांगते..."

"ऱ्हाऊ द्या बाई. च्या घ्या."

मी पुन्हा सांगितलं. गट सांगितले, चिठ्ठ्या सांगितल्या. तो मान डोलवत राहिला, थोरामोठ्यांचं बोलणं ऐकून घ्यावं तसा. त्याला एक शब्दही खरा वाटला नाही. पोरगी मात्र आता मान वर करून बघत होती. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. तिला पटलं होतं.

तिनं बारक्याला आईजवळ दिलं, बशीत चहा ओतून माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली. मी होते तोवर ती बाहेर आली नाही.