डाव्या हाताचे फुगे

उत्तनच्या कोळीवाड्यातल्या गर्ट्रूडला उजव्या तळव्यात शिंगाळा माशाचा विषारी काटा घुसला तो नेमका मुलाच्या, प्रिन्सच्या, लग्नाच्या आदल्या सकाळी. दुपारी फुग्यांचं पीठ फेटायचं होतं. लग्नात मटणाबरोबर खायचे हे गोल, पोकळ फुगे तिच्या हाताशिवाय फुगतच नाहीत, असं सगळ्या पाखाडीचं, म्हणजे वस्तीचं, म्हणणं. तिचंही.

विष वर चढू नये म्हणून तिने, सासू करायची तसा, मनगटाला जाळ्याचा दोरा आवळला. हात जांभळा पडला. नर्स झालेल्या मुलीने, जेनेलने, आधी तो दोरा कापला, मग तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, हात गरम पाण्यात धरायला सांगितला; पण पिठात घालायचा नाही म्हणाले. ठणका कमी झाला. सूज तशीच.

“ती उतरव गो आधी,” गर्ट्रूड म्हणाली.

“सूज दुश्मन न्हाय, मम्मी. मदत आलीय.”

आणि पातेल्यात गरम पाणी ओतत जेनेलने समजावलं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. एरवी ते गुळगुळीत. रक्त त्याच्यावरून सरळ निघून जातं. जखमेची खबर आली की त्याच पेशी जाग्या होतात. एकमेकींपासून जरा सरकतात, फटींतून पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. अंगाने चिकट होतात, वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना धरून थांबवतात आणि जखमेकडे बाहेर सोडतात.

गर्ट्रूड हाताकडे बघत राहिली. होडी अडकल्याची हाक आली की किनाऱ्यावरच्या बायकाही आधी दारं उघडतात, रस्त्याने जाणाऱ्याला दंडाला धरून पाण्याकडे पिटाळतात. तिच्या आत इतकी वर्षं असली माणसं राहत होती आणि तिला पत्ता नव्हता.

“आन मी दोरा बांधून त्यांचीच वाट अडवली,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की पातेलं हिंदकळलं.

उजवा हात उशीवर ठेवून तिने पिठात डावा घातला. पीठ भिंतीवर उडालं. नणंद टॅनिया दारातच उभी होती.

“वैनी, फुगे करता का घर सारवता?”

 गर्ट्रूड फेटत राहिली. हात भरून आला तरी थांबली नाही.

संध्याकाळी डाव्या हाताने सोडलेला पहिला गोळा तेलात वाकडातिकडा पडला, कलंडला, आणि टम्म फुगला. गर्ट्रूडने तो फोडून आतली पोकळी सगळ्यांना दाखवली. मग अर्धा टॅनियाच्या तोंडात कोंबला. टॅनियाने उरलेला अर्धा स्वतःच उचलला.