टाकीवरचा राजीनामा

मोबाईल म्हणजे हातात घेऊन हिंडायचा फोन, अशी माझी समजूत होती. आईचा मोबाईल मात्र सात महिने एकाच खिळ्याला टांगलेला होता. हा खिळा गंधवानीच्या बसस्टँडमागच्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, सातव्या पायरीशी होता. त्या पायरीच्या खाली टावर नव्हता आणि तिच्या वर गेलं की आईला चक्कर यायची.

टावर हा आमच्याकडचा शब्द. महाराष्ट्रातले नातेवाईक त्याला रेंज म्हणतात आणि आम्ही टावर म्हटलं की हसतात. हसोत बापडे. त्यांना कधी रेंजसाठी जिना चढावा लागला नाही.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. बाबा देवासच्या एका कारखान्यात होते. नोकरीसाठी खानदेशातून आले आणि इथलेच झाले. आई धारची, संस्थानात कारभार केलेल्या घराण्यातली. तिच्या माहेरी अजून पणजोबांच्या वेळचं मराठी बोलतात आणि वर त्याचा तोराही मिरवतात. ती सरकारी शाळेत शिकवायची. मी अकरावीत गेले त्या वर्षी तिला बढती मिळाली आणि बढतीच्या शेपटाला बांधून गंधवानी मिळालं. धार जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या मुलींच्या शाळेची ती मुख्याध्यापिका झाली आणि देवासच्या क्वार्टरमध्ये मी आणि बाबा उरलो.

मला आई परत हवी होती. बाबांना स्वयंपाकात फक्त खिचडी येत होती, आणि तीही येते असं त्यांचं एकट्याचं मत होतं. पण खिचडी हे निमित्त झालं. शाळेतून आल्यावर कुलूप आपणच उघडायचं, हे मला सोसत नव्हतं. सोळा वर्षांची घोडी झाले होते, तरी किल्ली फिरवताना रोज रडू यायचं. आई पंधरवड्यातून एकदा यायची, तीन बसा बदलून, आणि आली की पहिला दिवस डबे घासण्यात जायचा.

म्हणून बाबांनी दोन मोबाईल आणले. एक इकडे, एक तिकडे. हातात घेतला तर वजनाचं माप वाटावं असा, वर बोटभर दांडी. आईनं पहिल्या दिवशी सगळं गंधवानी पालथं घातलं. शाळेचं पटांगण, पोस्टाची पायरी, घरमालकाची गच्ची. कुठेही टावर नाही. शेवटी टाकीखाली चहाचं दुकान चालवणारी बाई म्हणाली, "मेडम, ऊपर चढ़ के देखो। बिजली वाले साब का तो वहीं लगे है।"

आई चढली. सातव्या पायरीवर फोन लागला. पण आई शाळेत आणि टावर टाकीवर, मग आम्ही केलेला फोन वाजणार कुठे? त्यावरही चहावालीनंच तोड काढली. जिन्याच्या कठड्याशी खिळा ठोकला, आईनं जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवली आणि मोबाईल त्यात घालून टांगला. वाजला की चहावाली वर चढायची, घ्यायची आणि सांगायची, "मेडम किलास में है बेटा, छुट्टी होएगी तो भेजूँगी।"

इथपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू ती बातम्या द्यायला लागली. मेडमला सर्दी झाली आहे. मेडमनी आज सकाळपासून काही खाल्लं नाही, मी पोहे दिले तेव्हा खाल्लं. मेडमला माझा चहा लागतो, घरचा आवडत नाही. माझ्या आईच्या सर्दीची खबर मला परक्या बाईकडून कळावी? कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा मला मनापासून राग होता.

आईची अडचण निराळी होती. घरची गोष्ट चार भिंतींबाहेर जाऊ नये, असं तिचं कडक मत, आणि इथे तर भिंतच नव्हती. संध्याकाळी साडेपाचला ती जिना चढायची तेव्हा खाली चहा पिणारे, जीपवाले आणि तहसील कचेरीतून सुटलेला अर्ज लिहून देणारा, असे सगळे बाकांवर बसलेले असायचे. टावर कमी, म्हणून ओरडून बोलावं लागायचं. तेव्हा आईनं ठरवलं की टाकीवर अस्सल मराठीतच बोलायचं, कोणाला ओ की ठो कळणार नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं वरून विचारलं, "अगं, स्वारी आली का कारखान्यातून?" स्वारी म्हणजे बाबा. तिच्या माहेरी नवऱ्याला असंच म्हणतात. खालून एक जीपवाला धावत आला, "कहाँ की सवारी है मेडम? कितनी हैं?" आईनं त्याला पटवून देईपर्यंत फोन कट झाला.

खरं सांगायचं तर त्या मराठीनं गंधवानीकरांपेक्षा माझीच जास्त पंचाईत व्हायची. मी हिंदी शाळेत शिकलेली. माझं मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचं. वरण, झारा, फोडणी, पसारा, आगाऊपणा, एवढ्यात माझं निभायचं. त्याच्या पलीकडचं आई बोलली की मी नुसतं "हं" म्हणायचे आणि नंतर बाबांना अर्थ विचारायचे.

तर बाबांनी एक मोहीम उघडली होती. नोकरी सोड आणि घरी ये. रोज साडेपाचला ते इकडून हेच म्हणायचे आणि आई तिकडून ओरडायची की मी इतकी वर्षं घासली ती काय यासाठी? बाबा म्हणायचे, पोरगी वाळत चालली आहे. मी शेजारी बसून बिस्किटं खात असायचे. मग आई आणखी वरच्या पट्टीत जायची. आम्हाला वाटायचं, कळतंय कोणाला? पण भांडण कळायला भाषा कशाला लागते. मेडमचं आणि साहेबांचं बिनसलंय, प्रकरण बहुतेक कोर्टात गेलंय, असं अख्ख्या बसस्टँडनं ठरवून टाकलं होतं. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं.

एका गुरुवारी आईचा आवाज वेगळाच आला. दमलेला. बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि ती म्हणाली, "ऐक, मी राजीनामा देणार आहे. ठरलं आता. राजीनामा!" टावर कमी होता म्हणून तिनं तो शब्द तीनदा ओरडून सांगितला.

मी फोन बाबांच्या अंगावर टाकला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

कारण मला हिंदी येत होतं. हिंदीत, आणि तालुक्याच्या कचेरीत तर नक्कीच, राजीनामा म्हणजे समझोता. दोन्ही पक्ष राजी झाले, कागदावर सह्या झाल्या, खटला निकालात. म्हणजे आईनं गंधवानीशी समझोता केला होता. ती आता तिथेच राहणार होती, त्या चहावालीचे पोहे खात. बाहेर बाबा शीळ वाजवत होते. थोड्या वेळानं ते शेव आणि जिलेबी घेऊन आले. हा माणूस बायको कायमची गेली म्हणून जिलेबी खातोय, हे पाहून मी त्यांना नाही नाही ते बोलले.

बाबा आधी गोंधळले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं येडे, राजीनामा म्हणजे इस्तीफा! नोकरी सोडतेय ती. सोमवारी धारच्या जिल्हा कार्यालयात अर्ज देणार, आणि मग महिन्याभरात घरी."

मी चार जिलेब्या खाल्ल्या. त्या रात्री कुलूप, किल्ली, खिचडी सगळ्यांना मनातल्या मनात निरोप दिला.

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला तो आग ओकतच. "पेढे! पेढे वाटताहेत मेले! शाळेतून आले तर टाकीखाली हार घेऊन उभे. त्या अर्ज लिहिणाऱ्यानं नारळ दिला. म्हणतो, बधाई हो मेडम, राजीनामा हो गया, बहुत अच्छा हुआ। आणि चहावाली तर नाचायचीच बाकी होती. इतक्या मुलींना मी घराघरांतून ओढून शाळेत आणलं, आणि मी जाते म्हणून पेढे? थांबते कशाला इथे मी!"

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. आईनं टाकीवरून तीनदा ओरडलेला शब्द खाली सगळ्यांनी ऐकला होता. आमच्या मराठीतला हा एवढा एकच शब्द त्यांना कळला होता, आणि तो त्यांच्या अर्थानं कळला होता. नवरा-बायकोचं मिटलं म्हणून गाव बिचारं पेढे वाटत होतं.

"सांगायला हवं आईला," मी म्हटलं.

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "रागात आहे तोवर अर्ज देईल. खरं कळलं तर पुन्हा विरघळेल. सोमवारपर्यंत तोंड उघडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला पटलं. लाज वाटते सांगायला, पण सहज पटलं.

शनिवारी दुपारी मी फोन केला तो फक्त आईला विचारायला, की येताना धारहून मामाकडचं लोणचं आणशील का. वाजत राहिला. मग ओळखीचा धापा टाकणारा आवाज. चहावाली.

"अरे बेटा, तुम हो! बधाई हो! राजीनामा हो गया मम्मी-पापा का। अब मेडम कहीं नी जाएगी। अब तो तुम लोग ही याँ आ जाओ, मेडम तो अब हमारी हो गई।"

हमारी. सात महिन्यांची सर्दी, पोहे आणि चहा माझ्या डोक्यात एकदम चढला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुम्हारी नहीं," मी म्हटलं. "मराठी में राजीनामा मतलब इस्तीफा। मम्मी नौकरी छोड़ रही हैं। सोमवार को धार जाकर कागज देंगी, फिर यहाँ आएँगी। हमारे पास।"

एवढं स्वच्छ आणि बरोबर भाषांतर मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं.

ती हळूच म्हणाली, "अच्छा।" फोन बंद करायचं तिला सुचलं नसावं. चपलांचा आवाज ऐकू आला, एकेक पायरी उतरत जाणारा. मग लांबून तिचा आवाज, मग दुसरे दोन-तीन आवाज, आणि मग ते सगळेच बंद झाले. पिशवीत वारा शिरल्यासारखी घरघर तेवढी येत राहिली. मी कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभी होते. बाबांना काही सांगितलं नाही.

रविवारी साडेपाचला आईचा फोन आला. बाबा डाळ-तांदूळ धूत होते, म्हणून मीच घेतला.

"तू सांगितलंस?" आईनं विचारलं.

"हो."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती म्हणाली, "आज सकाळी चहाचं दुकान बंद होतं. बाई पहिल्या पायरीवर बसून होती, लेकीला घेऊन. आठवीत आहे ती, माझ्याच शाळेत. त्यांच्या घरात आलेला कागद वाचणारी पहिलीच. बाई मला वर चढू देईना. मेडम, आप गए तो इसका बाप कल ही नाम कटा देगा, म्हणाली. मग एकेक करत आणखी मुली आल्या. कोणी काही बोलत नव्हतं गं. नुसत्या बसून होत्या, दुपारभर."

तिकडे टाकीच्या खाली एक जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"अर्ज अजून पर्समध्येच आहे," ती म्हणाली. "दहावीपर्यंत तरी या मुलींना न्यायला हवं. दोन वर्षं. दोनच. स्वारीला मी समजावीन, ती चिडेल आणि मग खिचडी करील. पण तुझं काय? तो अर्ज लिहिणारा म्हणतो, राजीनामा एकट्याच्या सहीनं होत नाही, दोन्हीकडून राजी असावं लागतं. तू राजी आहेस ना?"

मी मोरीकडे पाहिलं. बाबा धुतलेले तांदूळ पुन्हा एकदा धूत होते.

मी राजी नव्हते. "हो," म्हटलं.

"काय? ऐकू येत नाहीये. टावर जातोय. मोठ्यांदा बोल!"

मग मी गॅलरीत गेले आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात, अस्सल मराठीत, तेच खोटं पुन्हा एकदा बोलले.